कुंभाराच्या कवितेतला समुद्र

डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या एकाच जिन्यावर तीन क्लास आहेत. तळमजल्यावर अकाउंट्स, दुसऱ्या मजल्यावर गणित आणि मधे मी, म्हणजे बारावीचं इंग्रजी. गणितवाल्या सरांकडे मुलं घाबरून येतात, अकाउंट्सवाल्यांकडे सीए व्हायला येतात आणि माझ्याकडे आईवडील पाठवतात म्हणून येतात. इंग्रजीत उडालं तर बाकीचे सगळे विषय निघूनही उपयोग नसतो, या एका नियमावर माझं घर गेली बावीस वर्षं चाललं आहे.

मी इंग्रजी शिकवत नाही. हे मी पालकांना सांगत नाही, पण मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. मी पेपर शिकवतो. इंग्रजी शिकायला आयुष्य लागतं आणि आमच्याकडे जून ते जानेवारी एवढाच वेळ असतो. त्यातही गणपती, नवरात्र, दिवाळी आणि कॉलेजची सहल वजा करावी लागते. शिवाय एमआयडीसीकडून कधीकधी सकाळी असा वास सुटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मग पंख्याखाली साठ मुलं अर्धवट झोपेत बसतात. दिवा स्टेशनहून येणारी दोन मुलं तर पाणी आलं की उशिरा यायची आणि पाणी आलं नाही की आंघोळ न करता वेळेवर यायची. अशा मुलांसमोर भाषेचं सौंदर्य वगैरे काढण्याची माझी छाती नाही.

या पेपरात कवितेच्या रसग्रहणाचा एक प्रश्न असतो. चार मार्क. कवितेतला रस घ्यायचा आणि कसा लागला ते सांगायचं, असा कुणाचा तरी भाबडा हेतू त्यामागे असणार. आमच्या धंद्यात रस परीक्षेआधी काढून, गाळून, बाटलीत भरून ठेवावा लागतो. माझ्या नोट्समध्ये चार परिच्छेद ठरलेले असतात. पहिल्यात कविता कशाबद्दल आहे ते, दुसऱ्यात तिचा गाभा, तिसऱ्यात भाषा आणि अलंकार, चौथ्यात मत. तिसरा परिच्छेद ‘द पोएट हॅज यूज्ड सिंपल अँड ल्युसिड लँग्वेज’ या वाक्याने सुरू होतो, मग कवीची भाषा कितीही अवघड असो. चौथा ‘आय लाइक द पोएम व्हेरी मच’ने संपतो. बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला एकही कविता नावडलेली नाही.

खरं तर माझ्याकडे रसग्रहण एकच आहे. त्यात सहा रिकाम्या जागा आहेत. कविता बदलली की कवी, विषय, दोन अलंकार, एक भावना आणि एक संदेश तेवढा बदलायचा. आधी हे काम मी हाताने करत असे. कॉम्प्युटर आल्यापासून जुनं रसग्रहण उघडायचं, त्यावर नवीन कविता चढवायची आणि खालच्या झेरॉक्सवाल्याला पाठवून द्यायची, एवढंच राहिलं. माझ्या नोट्स कल्याणपासून खडवलीपर्यंत फिरतात. एकदा ठाण्यातल्या एका क्लासमध्ये माझ्याच नोट्स त्यांच्या नावाने सापडल्या तेव्हा मला राग आला होता, पण मनातून बरंही वाटलं होतं.

त्या वर्षी पाठ्यपुस्तकातल्या एका कवितेच्या नोट्स मी नव्याने करायला घेतल्या. कविता एका म्हाताऱ्या कुंभाराची होती. त्याचे हात थरथरायला लागलेत. एक मडकं जरा वाकडं होतं. ते तो विकायला ठेवत नाही आणि मोडतही नाही, स्वतःच्या पाण्यासाठी घरात ठेवतो. सोळा ओळींची, साधी कविता. गणपतीच्या आधीचा आठवडा होता आणि घरात मखराची तयारी चालली होती. बायको दर दहा मिनिटांनी स्टुलावर चढायला हाक मारायची. मी समोर जुनी फाइल उघडली होती ती एका समुद्रावरच्या कवितेची. समुद्र काढून कुंभार घातला, लाटा काढून चाक घातलं, होडी काढून मडकं घातलं. दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य मात्र स्टुलावर चढता-उतरताना नजरेतून सुटलं. खारा वारा कवीच्या चेहऱ्याला स्पर्शून जातो आणि अथांग समुद्र त्याला आयुष्याचा अर्थ सांगतो, असं ते वाक्य. इंग्रजीत ते आणखी भारदस्त वाटतं. दुसऱ्या दिवशी नव्वद प्रती स्पायरल बाइंडिंग होऊन आल्या.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. खाडीकाठच्या गावातली. आता त्या गावाला तिन्ही बाजूंनी टॉवर आलेत, पण गाव आहे तिथेच आहे. वडील केमिकल कंपनीत ऑपरेटर आणि आई स्टेशनजवळच्या मार्केटात मासे घेऊन बसते. थोरल्या बहिणीची बारावी इंग्रजीत अडकली ती कायमची, आणि ती आता आईबरोबर बसते. हिला नर्सिंगला जायचं होतं. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की एकदाच काय ते परीक्षेला बस, वर्ष गेलं तर पुन्हा नाही. हे तिने मला फॉर्म भरतानाच सांगितलं होतं आणि मी तिच्या वडिलांना फोनवर छातीठोकपणे म्हणालो होतो की इंग्रजीची जबाबदारी माझी.

कुंभाराची कविता मी एका तासात संपवली. नोट्समधलं रसग्रहण वाचून दाखवलं आणि काही शंका आहे का, असं विचारलं. हे मी दर वेळी विचारतो, कारण त्यानंतर पाच सेकंद शांतता असते आणि मला पाणी पिता येतं. त्या दिवशी पाणी घशाखाली जायच्या आत तिचा हात वर आला.

“सर, यात समुद्र कुठंय?”

मी विचारलं, कशात. ती म्हणाली, कवितेत. कुंभार आहे, चाक आहे, वाकडं मडकं आहे, समुद्र कुठेच नाही. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. मी नोट्समधलं ते वाक्य पुन्हा वाचलं. साठ मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांतली पन्नास तरी त्या तासात पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. चुकलंय, खोडा, असं म्हणायला एक सेकंद लागला असता. पण वर गणिताचा क्लास आहे आणि तिथले सर फळ्यावर चुकत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे.

“समुद्र प्रतीकात्मक आहे,” मी म्हणालो.

आणि एकदा तोंड उघडलं तसं मला सुचतच गेलं. कुंभाराचं आयुष्य म्हणजे समुद्र. चाकाचं फिरणं म्हणजे लाटांचं येणंजाणं. खारेपणा म्हणजे घाम. मी इतकं चांगलं बोललो की मागच्या बाकावरची दोन मुलं वहीत लिहून घ्यायला लागली. शेवटी मी सगळ्यांना त्या वाक्याखाली रेघ मारायला सांगितली आणि ते महत्त्वाचं आहे असंही सांगितलं. तिने रेघ मारली. पण मारताना ती कवितेचं पान उलटसुलट करून बघत होती, हे मी पाहिलं आणि फळा पुसायला वळलो.

त्या संध्याकाळी मी घरी जुनी फाइल उघडून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी एक चिठ्ठी काढून नव्वद बाइंडिंगमध्ये चिकटवता आली असती. मी चिकटवली नाही. आता तर मी समुद्राचं स्पष्टीकरणही देऊन बसलो होतो. चूक कबूल करायची तर वाक्याबरोबर ते व्याख्यानही मागे घ्यावं लागलं असतं. लाज वाटत होती, पण लाज दाबून ठेवायची माणसाला सवय असते आणि शिक्षकाला तर जास्तच असते.

दाबलेली गोष्ट मग वाढत जाते. सराव परीक्षेत कुंभाराचीच कविता आली, कारण पेपर मीच काढतो. अठ्ठावन्न मुलांनी समुद्र लिहिला. एक मुलगा आजारी होता. त्या मुलीने मात्र समुद्र गाळून बाकी सगळं लिहिलं आणि त्या जागी दोन वाक्यं स्वतःची घातली. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत होती. म्हाताऱ्याला वाकडं मडकं आवडतं, कारण त्याचे हातपण आता तसेच झालेत, असं काहीतरी. मी ते दोनदा वाचलं. मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो. पण तपासताना बाकी अठ्ठावन्न पेपर बाजूला होते आणि त्या सगळ्यांत समुद्र होता. तिला पूर्ण मार्क दिले तर बाकीच्यांना कसे द्यायचे? मी तिचा एक मार्क कापला आणि लाल पेनाने लिहिलं, ‘प्रतीकाचा उल्लेख नाही’. तिने पेपर बघितला आणि घडी घालून दप्तरात ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं.

बोर्डाच्या परीक्षेत कुंभारच आला. पेपर सुटल्यावर मुलांचे मेसेज आले, सर, मडकं आलं. मी प्रत्येकाला अंगठा पाठवला. दोन महिने आनंदात गेले. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट उघडली आणि दीड वाजता माझा फोन वाजायला लागला. आमच्या अकरा मुलांच्या नावापुढे मार्कच नव्हते. तिथे निकाल राखीव असं होतं. अकराही जणांचं परीक्षा केंद्र एक, वर्ग एक, आणि उत्तरपत्रिका शब्दाला शब्द सारख्या. सामूहिक कॉपीचा संशय, म्हणून पाचव्या दिवशी बोर्डाच्या ऑफिसात चौकशी. बाकीची मुलं निरनिराळ्या केंद्रांवर विखुरली होती म्हणून सुटली. समुद्र त्यांनीही लिहिला होता.

ती मुलगी त्या अकरांत होती. नर्सिंगचा फॉर्म भरायला दहा दिवस उरले होते आणि मार्कशीटशिवाय फॉर्म घेत नव्हते.

पहिले दोन दिवस मी फार सावधपणे वागलो. पालकांना म्हणालो, बोर्डाचं काहीतरी तांत्रिक असेल. मुलांना म्हणालो, क्लासचं नाव काढू नका, उगाच गुंतागुंत होईल, कॉलेजात शिकलो म्हणा. टॉपर मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स छापून आला होता, तो मी गुंडाळूनच ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळची बॅच सुटल्यावर तिची आई आली. मार्केटातून थेट आली होती. माशांची पाटी तिने खाली जिन्यापाशी ठेवली होती. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली नाही. मी नेहमीची वाक्यं सुरू केली, तांत्रिक, प्रक्रिया, काळजी नको. तिने मला बोलू दिलं आणि मग विचारलं.

“सर, मना इंग्रजीतला काय समजत नाय. पोरीनं चोरी केली का नाय, तेवरा सांगा.”

मी म्हणालो, नाही केली. चोरी करणारी मुलगी नाही ती.

“मंग ता तिकरं येवून सांगा,” ती म्हणाली आणि खाली उतरून पाटी उचलून निघून गेली.

चौकशीच्या दिवशी मी गेलो. शूरपणाने नव्हे, तिची आई स्टेशनवर वाट बघत उभी असेल या भीतीने. आणि ती होतीच. अकरा मुलं, आठ-नऊ पालक आणि बगलेत नोट्सची फाइल घेतलेला मी, असे आम्ही त्या ऑफिसच्या लांबलचक पॅसेजमध्ये जाऊन बसलो. थोड्या वेळाने शिपायाने प्रत्येक मुलाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, काय घडलं त्याचा खुलासा स्वतःच्या शब्दांत लिहा, मग आत बोलावतील.

स्वतःच्या शब्दांत म्हटल्यावर मुलांची पाचावर धारण बसली. वर्षभर त्यांना मी स्वतःचा एक शब्द लिहू दिला नव्हता. एकाने विचारलं, सर, किती ओळी? दुसऱ्याने विचारलं, सुरुवात कशाने करायची? सगळे पेनं उघडून माझ्याकडे बघत होते, आणि समोर पेनं उघडून बसलेली मुलं दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. बावीस वर्षांची सवय आहे. मी उभा राहिलो, खाकरलो आणि सांगायला लागलो. घ्या. मी खाली सही करणार, प्रामाणिकपणे नमूद करतो की, स्वल्पविराम. सदर उत्तर मी वर्षभर केलेल्या अभ्यासाच्या आधारे लिहिले असून, स्वल्पविराम. मुली होत्या त्यांनीही ‘करतो’च लिहिलं. मी सांगितलं होतं तसं.

ती मुलगी खिडकीपाशी आईजवळ बसून लिहीत होती. मी तिला म्हणालो, मैत्रिणीचा बघून घे, तुझं सुटलं असेल. ती म्हणाली, “मी लिहिलाय सर.” मला वाटलं, ऐकून ऐकून तिचाही झाला असेल.

आत तीन जण होते. मधे एक निवृत्त मुख्याध्यापिका, बाजूला एक अधिकारी आणि टोकाला सगळं टिपून घेणारे एक गृहस्थ. नोट्स माझ्या आहेत हे कळल्यावर मलाही आत मागच्या खुर्चीवर बसवलं. मॅडमनी चष्मा लावून खुलासे वाचायला घेतले. पहिला शांतपणे वाचला. दुसऱ्याला कपाळावर आठी आली. तिसऱ्यानंतर त्यांनी आणखी दोन-तीन फक्त पहिल्या ओळीपुरते चाळले आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

“एकसारखं लिहिल्याबद्दल तुम्हाला इथे बोलावलंय,” त्या मुलांना म्हणाल्या, “आणि त्याचं उत्तर तुम्ही मला एकसारखं लिहून आणलंय. कोणी सांगितलं हे?”

एकाही मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी न बघता माझी इज्जत राखली हे मला तेव्हाही समजलं, आणि तोंड लपवायला जागा असती तर बरं झालं असतं असं वाटलं. मी हात वर केला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत.

अधिकारी व्यवहारी माणूस होते. ते म्हणाले, यात वाद कशाला, परत एक कोरा कागद द्या आणि तेच उत्तर आत्ता इथे लिहायला सांगा. कॉपी केली असेल तर येणार नाही. कागद दिले. अकराही जण खाली माना घालून लिहायला लागले. वीस मिनिटांत अकरा कुंभार तयार झाले. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, दुसऱ्या परिच्छेदात खारा वारा, शेवटी कविता फार आवडली. परीक्षा होऊन दोन महिने झाले होते, तरी एक अक्षर हललं नव्हतं. अधिकाऱ्यांनी मूळ उत्तरपत्रिका शेजारी ठेवून तपासलं आणि समाधानाने मान हलवली. पाठांतर हा काही गुन्हा नाही, असं ते म्हणाले. मुलांनी आत्ता समजून स्वतःचं काही वेगळं लिहिलं असतं तर बिचारी अडकली असती. घोकलं होतं म्हणून निर्दोष ठरली.

मला इतकं हलकं वाटलं की मी फाइल बंदसुद्धा केली. पण मॅडम अजून उत्तरच वाचत होत्या. त्यांनी पुस्तक मागवून कविता काढली, ओळींवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं की यात समुद्र कुठे आहे. परीक्षकाने या उत्तराला चारपैकी साडेतीन दिलेत, तेव्हा असेल कुठेतरी, पण त्यांना सापडत नव्हता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, समुद्र प्रतीकात्मक आहे. कुंभाराचं आयुष्य, चाकाचं फिरणं, घामाचा खारेपणा. टिपून घेणारे गृहस्थ टिपून घेत होते. मॅडम ऐकत होत्या आणि ऐकताऐकता त्यांनी खुलाशांच्या गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा कागद ओढून काढला. त्यावरचा मजकूर लांबीलाच वेगळा होता. त्यांनी तो आधी मनात वाचला आणि मग मला बसायला न सांगता मोठ्याने वाचला.

“या कवितेत समुद्र नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. सरांना विचारलं तर ते म्हणाले प्रतीकात्मक आहे. आम्ही खाडीवर राहतो म्हणून मला वाटलं मला तरी दिसेल. पण नाही दिसला. मग वाटलं, शिकलेल्या माणसांना दिसत असेल. प्रिलिमला मी समुद्र लिहिला नाही तर माझा एक मार्क गेला, म्हणून बोर्डात लिहिला. मी कॉपी केली नाही. मला कविता कळत नाही, एवढीच माझी चूक आहे.”

ती मुलगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि दिसत नव्हता तेच बरं होतं. ती मुलगी सबंध वर्ष स्वतःला मठ्ठ समजत होती. मी तिला तसं समजू दिलं होतं, वर लाल पेनाने मार्क कापून त्याची पावतीही दिली होती. मला स्वतःचा संताप आला. असा संताप मला सहसा दुसऱ्यांचाच येतो.

मी सांगितलं. समुद्र दुसऱ्या कवितेतला आहे, टाइप करताना माझ्याकडून राहून गेला, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी दुरुस्त केलं नाही. स्टुलाचं आणि मखराचंही सांगणार होतो, पण मॅडमनी हात करून थांबवलं. टिपून घेणाऱ्या गृहस्थांनी आधीच्या पानावरचं प्रतीकात्मक खोडायचं का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे, दोन्ही राहू दे. मग मुलांना म्हणाल्या की निकाल तीन दिवसांत सुटतील. मला म्हणाल्या, तुम्ही शिक्षक आहात ना? मी हो म्हणालो. त्यांनी पुस्तक मिटलं.

पुढे मी नोट्समधला समुद्र काढला. यंदाच्या बॅचमधला एक मुलगा मोठ्या भावाची जुनी बाइंडिंग घेऊन आला आणि तक्रार करायला लागला की सर, नवीन नोट्समध्ये एक ओळ कमी आहे, मार्क जातील ना. दोन पालकांचेही फोन आले. मी चूक होती म्हणून सांगितलं, तर एक वडील म्हणाले, असू दे ना सर, साडेतीन मिळतायत तर कशाला हात लावता. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा पॅसेजमध्ये एकदम गलका सुरू झाला. मुलं फोनवर घरी कळवत होती, पालक एकमेकांना कुठे चहा मिळेल ते विचारत होते. तिच्या आईने मला लांबूनच हात जोडले आणि ते मला सहन झालं नाही, म्हणून मी जिन्याकडे निघालो. मुलगी मागून आली. आता ती नर्सिंगच्या फॉर्मबद्दल काही विचारेल म्हणून मी तारखा आठवायला लागलो. तिने फॉर्मचं काही विचारलं नाही.

“सर, म्हणजे त्यात समुद्र नव्हताच?”

मी म्हणालो, नव्हता.

रागावली असती तर मला जमलं असतं. पण ती हळूहळू हसायला लागली. आत निकाल सुटणार असं ऐकलं तेव्हाही ती अशी हसली नव्हती.

“म्हणजे मला कविता कळलेली,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो. मग तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा म्हणालो. ती आईला सांगायला धावत गेली.